आखूड बॅरलच्या रायफलीत हँडलोडचा वेग पडतो, भडका उठतो: पावडर बदलण्याआधी काय तपासावं

लक्षणं

16 ते 20 इंच बॅरलच्या शिकारी रायफलीसाठी स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या तक्रारी जवळजवळ नेहमी सारख्याच असतात. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे एकत्र दिसत असतील, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

लोडिंग मॅन्युअलमध्ये (पावडरच्या मात्रांचं पुस्तक) लोडपुढे, म्हणजे पावडर, गोळी वगैरेंच्या त्या जुळणीपुढे, 2,700 फूट प्रति सेकंद छापलंय आणि क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, 2,550 च्या आसपास दाखवतो. (यापुढे वेगासाठी नुसतं ‘फूट’ म्हणतो.) संधिप्रकाशात गोळी झाडली की बॅरलच्या तोंडाशी मोठा केशरी भडका उठतो आणि पुढचे काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते. आवाज आणि हवेचा दणका इतका, की शेजारच्या बाकावरचा माणूस उठून लांब जातो. बाकावर, बॅरलमध्ये, कधी बोल्टच्या (काडतूस आत बंद करणारा दांडा) खाचेतही पावडरचे अर्धवट जळालेले दाणे सापडतात. एकाच डब्यातल्या काडतुसांचे वेग 60-80 फुटांनी इकडेतिकडे होतात. 100 यार्डांवर ग्रूप (लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका) बरा दिसतो, पण 300 वर उभा ताणला जातो.

यावर रेंजवर हमखास ऐकू येणारा सल्ला एकच: “बॅरल आखूड आहे, जलद (म्हणजे लवकर जळणारी) पावडर घ्या.” हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. का चुकतो ते पुढे सविस्तर येईल. पण त्याआधी अशा काही तपासण्या आहेत ज्यांना एक पैसा लागत नाही, आणि बऱ्याच रायफलींचं दुखणं तिथेच सापडतं.

सुरुवात करण्याआधी एक नियम

पडलेला वेग भरून काढण्यासाठी पावडरची मात्रा वाढवू नका. अर्धा ग्रेनही (पावडर आणि गोळी मोजायचं छोटं वजन) नाही.

बॅरल कापल्यानं किंवा आखूड घेतल्यानं चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतला, दाब कमी होत नाही. दाबाचा कळस गोळी बॅरलच्या पहिल्या काही इंचांत असतानाच येऊन जातो. पुढे नळी 16 इंच आहे की 26, हे त्या क्षणी पुंगळीला (काडतुसाचं पितळी कवच) आणि बोल्टला ठाऊक नसतं. 308 विंचेस्टर या काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेची कमाल सरासरी दाबाची मर्यादा 62,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. ती लांब रायफलीला जितकी लागू, तितकीच आखूड रायफलीला. मॅन्युअलची कमाल मात्रा 24 इंची बॅरलमध्ये त्या मर्यादेशी पोचत असेल, तर तुमच्या 18 इंची बॅरलमध्येही ती तिथेच पोचते, फक्त गोळीला ढकलायला मागे जागा कमी मिळते.

यातून निघणारी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. 18 इंची बॅरलमधून तुम्हाला मॅन्युअलचा 24 इंची कमाल वेग मिळू लागला, तर आनंद मानू नका. तो जास्तीचा वेग कुठून तरी आलेला आहे, आणि तो जवळजवळ नक्कीच जास्तीच्या दाबातून आलेला आहे. त्या लोडची उरलेली काडतुसं झाडू नका, त्यांच्या गोळ्या उपसून काढा.

पहिली तपासणी: मॅन्युअलचं पान नीट वाचा

फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. ज्या पानावरून लोड घेतला, त्याच्या माथ्यावर चाचणी बॅरलची लांबी छापलेली असते. बहुधा 24 इंच, काही ठिकाणी 22 किंवा 26. त्या लांबीतून तुमच्या बॅरलची लांबी वजा करा.

मध्यम क्षमतेच्या काडतुसात दर इंचाला साधारण 20 ते 30 फूट वेग जातो. 308 मध्ये 25 धरला तर चालतं. मोठ्या पुंगळीच्या आणि अरुंद बोअरच्या (नळीचं आतलं भोक) मॅग्नम काडतुसांत तो आकडा 30 च्या वर चढतो. म्हणजे 24 इंची बॅरलमध्ये 2,700 देणारा 165 ग्रेन गोळीचा लोड 18 इंचांत 2,550 च्या आसपास येणारच. तुमचा क्रोनोग्राफ तेच सांगत असेल, तर रायफल निरोगी आहे, पावडर निरोगी आहे, आणि वेगाच्या तक्रारीपुरती ही पोस्ट इथेच संपली. भडक्याची किंवा वेग विखुरण्याची तक्रार असेल तर पुढे वाचा.

दोन सारख्या दिसणाऱ्या रायफलींमध्येही 40-50 फुटांचा फरक सहज पडतो. चेंबर जरा सैल, बोअर जरा रुंद, घशाची (चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग) लांबी वेगळी, एवढं पुरतं. त्यामुळे हिशेबापेक्षा 30-40 फूट कमी म्हणजे बिघाड नाही. 100 च्या वर कमी येत असेल तर मात्र शोधायला काहीतरी आहे.

बॅरलची लांबी मोजताना बोल्ट बंद करून तोंडातून काठी आत घालायची आणि बोल्टच्या तोंडापासून बॅरलच्या टोकापर्यंत मोजायचं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मगच. तोंडावर स्क्रूनं लावलेला ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा फ्लॅश हायडर (भडका कमी करणारा) धरायचा नाही. तो धरून 20 इंच मानलेलं बॅरल प्रत्यक्षात 18 निघालं, असं बऱ्याचदा होतं.

दुसरी तपासणी: क्रोनोग्राफ खरं बोलतोय का

प्रकाशावर चालणारे जुने क्रोनोग्राफ सावली मोजतात, आणि आखूड बॅरलचा दणका व भडका त्यांना सहज फसवतो. तोंडापासून 10 ते 15 फूट दूर ठेवा, आखूड बॅरलला 15 कडेच झुका. ढग आल्यावर किंवा ऊन तिरपं झाल्यावर वेग अचानक बदलला तर पावडरला दोष देण्याआधी यंत्रावर संशय घ्या. बॅटरी बदलून पाहा. ओळखीचं, खात्रीचं कारखानी काडतूस पाच वेळा झाडून आकडा नेहमीसारखा येतो का ते बघा. रिमफायर (छोटं, स्वस्त काडतूस) असेल तर अजून स्वस्तात होतं.

बॅरलला पट्ट्यानं बांधायचे चुंबकीय क्रोनोग्राफ वेग अचूक सांगतात, पण बॅरलवर वजन लटकल्यामुळे गोळी लागण्याची जागा बदलते. त्यांच्यासोबत ग्रूप मोजू नका. रडारवाल्यांना हा त्रास नाही.

आणि तीन गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नका. तीन काडतुसांचे वेग योगायोगानं 10 फुटांत बसतात आणि माणूस सुखावतो. दहा झाडल्यावर तोच लोड 60 फूट पसरतो. ‘आधी चांगलं होतं, आता बिघडलं’ अशा तक्रारींपैकी पुष्कळ या छोट्या नमुन्याच्या असतात. लोड पहिल्यापासून तसाच होता.

तिसरी तपासणी: वही आणि तराजू

वही उघडून गेल्या वेळच्या आणि आताच्या नोंदी शेजारी ठेवा. पावडरचा लॉट तोच आहे? प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) तोच? पुंगळ्या त्याच कंपनीच्या? तापमान किती होतं? काही पावडरी थंडीत चांगल्याच मंदावतात आणि उन्हात तापलेल्या काडतुसात चढतात. दुपारच्या उन्हात ठरवलेला लोड पहाटेच्या गारठ्यात झाडला तर वेगातला फरक बिघाड वाटतो. उलट दिशेनं घडलं तर ते धोक्याचं असतं. थंडीत कमाल गाठून ठेवलेला लोड उन्हाळ्यात मर्यादा ओलांडू शकतो. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका, म्हणजे एच 4895, वारगेट, एच 4350 वगैरे, यासाठीच लोकप्रिय आहे. तापमानाचा त्यांच्यावर परिणाम होतो, पण कमी होतो.

मग तराजू. इलेक्ट्रॉनिक तराजू चालू केल्याकेल्या वापरू नका, त्याला गरम व्हायला वेळ द्या. पंख्याचा झोत आणि शेजारी ठेवलेला मोबाइल एवढ्यानंही आकडा सरकतो. प्रमाणित वजनं ठेवून तपासा. आणि ती वजनं तुमच्या मात्रेच्या जवळची हवीत. 45 ग्रेन मोजायचे असताना फक्त 300 ग्रेनच्या वजनावर तराजू बरोबर आला, यातून काही सिद्ध होत नाही.

पावडर मेजरमधून (मात्रा मोजून सोडणारं साधन) थेट पुंगळीत सोडत असाल तर दाण्याचा आकार बघा. आयएमआर 4064 सारख्या लांब काडीच्या पावडरी मेजरच्या तोंडाशी अडकतात. एका पुंगळीत कमी पडतं आणि अडकलेलं पुढच्या पुंगळीत जादा. दाणा कापला जाताना हँडलला कर्र असा झटका जाणवतो. तो जाणवला की ती आणि पुढची, दोन्ही मात्रा परत ओतून वजन करा. गोल दाण्याची बॉल पावडर मात्र पाण्यासारखी वाहते आणि एकसारखी मोजली जाते.

डबा उघडून वासही घ्या. चांगल्या पावडरला सौम्य, स्पिरिट-ईथरसारखा वास असतो. झणझणीत आंबूस वास, तांबूस वाफ किंवा गंजाच्या रंगाची धूळ दिसली तर ती पावडर सडलेली आहे. ती वापरायची नाही, दुसऱ्या पावडरीत मिसळायची तर मुळीच नाही. पावडर कायम मूळ डब्यातच ठेवा आणि बाकावर एका वेळी एकच डबा ठेवा. लेबल नसलेल्या डब्यातली पावडर दिसण्यावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नका, तशी ती ओळखताच येत नाही.

चौथी तपासणी: बॅरल, तोंड, स्क्रू

हे झटपट उरका. तांब्याचा थर काढून बॅरल स्वच्छ करा आणि मग दोन-चार गोळ्या झाडून पुन्हा मोजा. तोंडाची कड भिंगाखाली बघा. कापून आखूड केलेल्या बॅरलमध्ये कड तिरपी किंवा ओरखडलेली असेल तर ग्रूप बिघडतो आणि लोक तो पावडरच्या माथी मारतात. दुर्बिणीचे आणि स्टॉकचे स्क्रू ठरलेल्या टॉर्कला घट्ट आहेत का ते पाहा.

पाचवी तपासणी: पुंगळी आणि गोळीवरची पकड

वेग विखुरण्याचं कारण मला इथे जितकं सापडतं तितकं पावडरीत सापडत नाही.

वेगवेगळ्या शिक्क्यांच्या पुंगळ्या मिसळलेल्या असतील तर आतलं आकारमान वेगळं असतं. लष्करी पुंगळ्या बऱ्याचदा जाड भिंतीच्या असतात. आत जागा कमी, म्हणून त्याच मात्रेला दाब जास्त. पुंगळी बदलली तर मात्रा पुन्हा सुरुवातीपासून वर चढवायची, हा नियम यासाठीच.

दुसरी गोष्ट, गोळी धरून ठेवणाऱ्या पुंगळीच्या मानेची पकड. पुंगळी पुन्हापुन्हा वापरली की मान कडक होत जाते आणि प्रत्येक गोळी वेगवेगळ्या जोरानं सुटते. गोळी बसवताना प्रेसच्या हँडलकडे लक्ष द्या. एक गोळी लोण्यात गेल्यासारखी आणि दुसरी ढकलावी लागली, तर वेगही तसाच वरखाली येणार. दहा पुंगळ्या सारख्या वापराच्या, सारख्या लांबीला कापलेल्या आणि ॲनीलिंग केलेल्या (मान तापवून पुन्हा मऊ केलेल्या) घ्या, बाकी काही न बदलता भरा आणि मोजा. वेगांचा पसारा निम्म्यावर आला तर नवी पावडर घेण्याचा खर्च वाचला.

या पसाऱ्याचं शिकारीत किती महत्त्व आहे याचा अंदाज असू द्या. वरच्या 165 ग्रेन उदाहरणात 60 फुटांच्या फरकानं 100 यार्डांवर गोळी जेमतेम एक अष्टमांश इंच वरखाली होते, 300 यार्डांवर सुमारे दीड इंच. जंगलात 150 यार्डांच्या आत शिकार करणाऱ्यानं या आकड्यासाठी झोप उडवून घेण्याचं कारण नाही. 300 वर मारायचं असेल तर आहे.

सहावी तपासणी: प्रायमर

बॉल पावडरच्या दाण्यांवर जळण मंदावणारा लेप जाड असतो, त्यामुळे ती पेटायला जड. डब्ल्यू 748, बीएल-सी(2), सीएफई 223 या बॉल पावडरी आहेत. गारठ्यात साध्या प्रायमरनं त्या कधीकधी आळसानं पेटतात. वेग विखुरतो आणि न जळालेले दाणे जास्त दिसतात. मॅन्युअलमध्ये त्या लोडसाठी मॅग्नम प्रायमर (जास्त जोरानं पेटवणारा) सांगितला असेल तर तोच वापरा. तो सांगितलेला नसताना स्वतःहून मॅग्नम प्रायमर लावायचा असेल, तर मात्रा सुरुवातीच्या आकड्यावर आणून पुन्हा हळूहळू वर जा. नुसता प्रायमर बदलल्यानं दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

दाण्यांबद्दल एक खुलासा. बाकावर चार दाणे पडलेले दिसले म्हणजे पावडर वाया जातेय असं नाही. सगळ्या बॅरलमधून थोडे दाणे बाहेर पडतातच, आखूड बॅरलमध्ये ते नजरेला पडतात इतकंच. दाण्यांचा सडा आणि विखुरलेला वेग एकत्र दिसले तरच पेटण्यात गडबड आहे असं समजा.

सातवी तपासणी: आता पावडर

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी तक्रार उरली असेल, तर पावडरकडे वळा.

जलद पावडर आखूड बॅरलमध्ये पूर्ण जळते म्हणून जास्त वेग देते, हा समज तर्काला पटतो. प्रत्यक्षात गोळीला वेग देणारी गोष्ट म्हणजे तिच्या मागचा दाब, तिच्या सगळ्या प्रवासभर. जलद पावडर दाबाचा कळस लवकर गाठते. त्यामुळे मर्यादेत राहायला तिची मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून वायूही कमी तयार होतो आणि कळसानंतर दाब भराभर उतरतो. मंद पावडरची मात्रा जास्त, वायू जास्त, कळस तेवढाच, पण नंतरचा दाब जास्त वेळ टिकतो. हा फायदा 18 इंचांतही मिळतो, 24 मध्ये आणखी थोडा मिळतो. म्हणून बाटलीच्या आकाराच्या नेहमीच्या शिकारी काडतुसांत त्या गोळीला लांब बॅरलमध्ये सर्वांत जास्त वेग देणारी पावडर आखूड बॅरलमध्येही साधारणपणे पहिल्याच क्रमांकावर राहते. दोन पावडरींमधलं अंतर तेवढं कमी होतं.

मग जलद पावडरचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो वेगासाठी नाही. गोळी तोंडातून निघते तेव्हा मागे उरलेला दाब जलद पावडरमध्ये कमी असतो. म्हणून दणका कमी, भडका बहुधा कमी, आणि मात्रा हलकी असल्यानं खांद्याला धक्काही थोडा कमी.

माझी पद्धत सांगतो. तुमच्या काडतुसाचं आणि गोळीचं पान उघडा. कमाल वेगानुसार पहिल्या चार-पाच पावडरी निवडा. त्यांच्यात पहिल्या आणि शेवटच्या पावडरीचा फरक बऱ्याचदा 40-50 फुटांचाच असतो. आता मात्रेचा रकाना बघा. त्याच चार-पाच जणींत सर्वांत कमी मात्रा कुणाला लागते? ती त्या गटातली जलद. आखूड बॅरलमध्ये 20-30 फूट सोडून देऊन मी तीच घेतो. वेगाची किंमत क्षुल्लक, आणि संधिप्रकाशात झाडल्यावर पुढे काय झालं ते दिसतं. पण पहिल्या पाचांच्या खाली उतरून अगदी जलद पावडर शोधू नका. तिथे वेग झपाट्यानं पडतो आणि मात्रेतली छोटी चूक दाबात मोठी दिसते.

308 आणि त्याच्या आकाराच्या काडतुसांत 150 ते 168 ग्रेन गोळीसाठी वारगेट, आयएमआर 4064, एच 4895, रीलोडर 15 आणि विह्टावुओरी एन 140 ही मंडळी या मधल्या पट्ट्यात येतात. यांत चुकीची निवड करणं अवघड आहे. याउलट 270 विंचेस्टर किंवा मॅग्नमसारख्या मोठ्या पुंगळीला एच 4831 च्या वर्गातल्या मंद पावडरीच हव्यात. बॅरल आखूड आहे म्हणून तिथे 4895 भरण्यानं काही साधत नाही. मोठी पुंगळी आणि आखूड बॅरल ही जोडीच मुळात भडक्याची आहे. पुंगळीच्या मानानं बॅरलमधली जागा इतकी कमी असते की वायूला फुलायला वावच मिळत नाही. नवी आखूड रायफल घ्यायची असेल तर हे काडतूस निवडतानाच ध्यानात घ्या.

पुंगळी किती भरते हेही पाहा. मात्रेनं पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरत असेल तर पावडर प्रत्येक वेळी सारखीच पेटते. आत मोकळी जागा राहिली तर उतारावर नेम धरल्यावर पावडर गोळीकडे सरकते, चढावर प्रायमरकडे, आणि वेग बदलतो. दोन पावडरी बाकी सर्व बाबतीत सारख्या असतील तर पुंगळी जास्त भरणारी निवडा.

भडक्याचं कारण मात्र फक्त वेगात नसतं. तोंडातून निघणाऱ्या तप्त वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. बाहेरच्या हवेत मिसळून ते पुन्हा पेटतात, तोच मोठा केशरी गोळा. काही पावडरींत तो दडपण्यासाठी पोटॅशियमचे क्षार घातलेले असतात, काहींत नसतात. त्यामुळे जळण्याच्या वेगात शेजारी असलेल्या दोन पावडरींचा भडका अगदी वेगळा असू शकतो. हे तक्त्यावरून कळत नाही. कायदा आणि रेंजचे नियम परवानगी देत असतील तर संध्याकाळी दोन-दोन काडतुसं झाडून बाजूनं बघणाऱ्याला विचारावं लागतं. चांगला फ्लॅश हायडर लावला तर पावडर बदलण्याइतकाच, कधी जास्तही, फरक पडतो. ब्रेक आणि फ्लॅश हायडर यांत गल्लत करू नका. ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. आखूड बॅरलसोबत कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला.

पावडर निवडताना नावांत फसू नका. एच 4350 आणि आयएमआर 4350 या वेगळ्या पावडरी आहेत. एच 4831 आणि आयएमआर 4831 याही वेगळ्या, आणि त्यांतली आयएमआर जलद आहे. एकीची मात्रा दुसरीला लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पावडरींचे जळण्याच्या वेगाचे तक्ते फक्त क्रम सांगतात, मात्रा सांगत नाहीत. तक्त्यात शेजारी आहे म्हणून मात्रा ओढूनताणून काढू नका. तुमच्या गोळीसाठी, तुमच्या पावडरसाठी छापलेली मात्रा नसेल तर ती जोडी वापरायची नाही.

कमी मात्रेचाही धोका आहे. दणका कमी करण्यासाठी मंद पावडर छापील किमानाच्या खाली नेऊ नका. मोठ्या पुंगळीत मंद पावडरच्या फार कमी मात्रेनं दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सौम्य लोड हवा असेल तर हॉजडननं एच 4895 साठी स्वतः छापलेलं कमी मात्रेचं मार्गदर्शन वापरा. ते त्या पावडरपुरतंच आहे, इतरांना लागू होत नाही. एच 110 च्या बाबतीत तर उलटच सूचना आहे. ती छापील मात्रेपेक्षा फारशी कमी करायची नाही.

एच 110 वरून आठवलं. ‘आखूड बॅरल म्हणजे जलद पावडर’ हा समज जिथे खरा ठरतो, ते काडतूस म्हणजे 300 ब्लॅकआउट. 2011 मध्ये सामीनं मान्य केलेलं हे काडतूस छोट्या पुंगळीत 30 कॅलिबरची गोळी ठेवतं आणि आखूड नळीसाठीच आखलेलं आहे. त्यात एच 110 सारख्या, मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या पावडरी बसतात. तिथला अनुभव सांगून कुणी 308 मध्ये तसलं काही सुचवत असेल, तर ऐकू नका. ते प्राणघातक ठरू शकतं.

पावडरनंही भागलं नाही तर गोळी बदला

आखूड बॅरलमुळे गमावलेले 150 फूट प्रत्यक्षात काय करतात? वरच्या लोडची गोळी दर 100 यार्डांना साधारण 200 फूट वेग गमावते. म्हणजे तुमची 18 इंची रायफल 24 इंचीच्या तुलनेत 75 यार्ड मागे पडली. बस्स, एवढंच. अडचण येते ती गोळी उमलण्याची, म्हणजे लागल्यावर पसरण्याची. पुष्कळ शिकारी गोळ्यांना लागताना किमान 1,800 फूट वेग हवा असतो, काही अखंड तांब्याच्या गोळ्यांना 2,000 च्या आसपास. तुमच्या गोळीचा हा आकडा उत्पादकाकडून घ्या, तुमच्या मोजलेल्या वेगावरून अंतरानुसार वेगाचं कोष्टक काढा, आणि जिथे वेग त्याखाली जातो ते अंतर लिहून ठेवा. त्यापलीकडे झाडायचं नाही. जखमी होऊन पळालेलं जनावर हा यातला सर्वांत वाईट शेवट आहे. आणखी अंतर हवं असेल तर कमी वेगाला उमलणारी गोळी घ्या. 30 फुटांसाठी पावडरच्या मागे लागण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. गोळी बदलली की मात्रा पुन्हा किमानापासून.

इथे थांबा

बोल्ट उचलायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (झाडलेली पुंगळी बाहेर फेकणारा भाग) चकचकीत ठसा, प्रायमर सपाट होऊन खळग्याच्या कडांपर्यंत पसरणं किंवा त्याला भोक पडणं, प्रायमरचा खळगा सैल होणं, पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकाकती आडवी रेघ. यांतलं एकही दिसलं तर त्या दिवसाचं काम संपलं. ही चिन्हं उशिरा येतात. दिसतात तेव्हा दाब मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असू शकतो, आणि दिसली नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असंही नाही. ‘अजून एक झाडून बघू’ म्हणू नका.

चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ झाला तर रायफल लक्ष्याकडेच रोखून निदान 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर दुसरं काडतूस घालू नका, आणि गोळी घरी ठोकून काढण्याच्या फंदात पडू नका.

यापुढची कामं गनस्मिथची: अडकलेली गोळी काढणं, हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) मोजणं, घशाची झीज बोअरस्कोपनं (नळीच्या आत बघायचं साधन) बघणं, तोंडाची कड नव्यानं कापणं, ब्रेक किंवा हायडरसाठी आटे पाडणं. आटे थोडे तिरके पडले तरी गोळी हायडरला घासून जाते. बॅरल आणखी आखूड करण्याचा विचार असेल तर आधी तुमच्या देशाचा कायदा बघा. किमान लांबीची अट बऱ्याच ठिकाणी असते आणि ती मोडणं गुन्हा आहे. काडतुसं स्वतः भरायला आणि पावडर बाळगायला परवाना लागतो का, हेही तिथेच कळेल.

गनस्मिथकडे जाताना नुसती रायफल नेऊ नका. झाडलेल्या पुंगळ्या ज्या क्रमानं झाडल्या त्या क्रमानं डब्यात लावून न्या, न झाडलेली दोन काडतुसं न्या, आणि पावडरचं नाव, लॉट, मात्रा, प्रायमर, गोळी, काडतुसाची एकूण लांबी, तापमान आणि प्रत्येक गोळीचा वेग लिहिलेलं वहीचं पान न्या.